पन्नास किलोमीटरची घाई कोणाला आहे?

पत्राचा आशय : पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी ५७ वर्षांच्या आहेत. पन्नाशी उलटल्यावर त्या धावू लागल्या. रस्त्यावरच्या काही मॅरेथॉन त्यांनी पूर्ण केल्या असून त्यांची आजवरची सर्वांत चांगली वेळ ५ तास १० मिनिटे आहे. गेल्या वर्षापासून त्या डोंगरातल्या पायवाटांवर धावणाऱ्या एका गटाबरोबर सरावाला जातात. गटातले बहुतेक जण तिशी-पस्तिशीतले आहेत आणि आठ महिन्यांनी होणाऱ्या ५० किलोमीटरच्या डोंगरी अल्ट्रामॅरेथॉनमध्ये ते सगळे उतरणार आहेत. या शर्यतीत एकूण २,४०० मीटर चढ आहे, ती पूर्ण करण्यासाठी १३ तासांची मुदत आहे आणि नावनोंदणी सहा आठवड्यांत बंद होणार आहे. चढावर आपण गटाच्या बरोबरीने असतो, पण उतारावर फार मागे पडतो, असे या भगिनी लिहितात. मागच्या महिन्यात साडेचार तासांच्या सरावाच्या अखेरीस, खाली थांबलेल्या मंडळींना गाठण्याच्या धडपडीत, त्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खड्यांच्या निसरड्या उतारावर, पडल्या. तळहात खरचटले आणि गुडघ्याला मुका मार बसला. घरी त्यांनी हे सांगितलेले नाही, कारण ‘या वयात गुडघे घालवून बसशील’ असे यजमान आधीपासूनच म्हणत आहेत. रक्तदाबाची एक गोळी त्यांना चालू आहे. त्यांचा प्रश्न असा : ‘या वयात वाया गेलेले वर्ष परत येत नाही. यंदाच उतरावे, की हा नाद सोडून द्यावा?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोनच वाटा आहेत, यंदा किंवा कधीच नाही. पुढच्या वर्षाचा उल्लेखसुद्धा नाही. पत्र पुन्हा वाचताना मला असे वाटू लागले की तुमची खरी अडचण वय ही नसून वयामुळे वाटणारी घाई ही आहे, आणि त्या घाईच्या मुळाशी असलेला हिशेब एकदा तपासून पाहायला हवा.

‘वाया गेलेले वर्ष’ म्हणजे नेमके किती नुकसान? शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, जिला धावपटू व्हीओटू मॅक्स म्हणतात, तिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे १० टक्क्यांनी उतरते, आणि नियमित कसून व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही घसरण साधारण निम्म्यावर येते. म्हणजे एक वर्ष थांबल्याने तुमच्या दमसासात अर्धा ते एक टक्का फरक पडेल, जो तेरा तासांच्या शर्यतीत वाऱ्यापावसाच्या फरकापुढे दिसणारही नाही. याउलट घाईत झालेले मनगटाचे फ्रॅक्चर किंवा पायाच्या हाडाला ताणाने पडलेली बारीक चीर तुम्हाला कित्येक महिने घरी बसवेल, आणि पन्नाशीनंतर सक्तीच्या विश्रांतीत स्नायूंची जी ताकद जाते ती तरुणपणासारखी भराभर परत येत नाही. तेव्हा वर्ष वाया जाण्याची भीती असेल, तर ते थांबल्याने जाण्यापेक्षा घाईने जाण्याचा संभव अधिक आहे. दुसरी गोष्ट अशी की डोंगरातल्या पायवाटांवर तुमचे हे पहिलेच वर्ष आहे. उताराचे कौशल्य, पाऊल कुठे टाकायचे याची नजर आणि घोट्यांची ताकद या तिन्ही गोष्टी सरावाने वाढतात, आणि त्या तुमच्या वयातही वाढतात. पुढच्या वर्षी तुम्ही एका वर्षाने मोठ्या असाल, हे खरे, पण डोंगरात दुप्पट अनुभवी असाल.

उतारवयातल्या अल्ट्राधावकांची उदाहरणे तुमच्या गटात कोणीतरी नक्कीच सांगितली असतील. इटलीचे मार्को ओल्मो यांनी २००७ मध्ये ५८व्या वर्षी माँ ब्लाँ पर्वताभोवतीची जगप्रसिद्ध शर्यत जिंकली. गुनहिल्ड स्वॉन्सन यांनी २०१५ मध्ये ७०व्या वर्षी अमेरिकेतली वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची शर्यत ३० तासांची मुदत संपायला अवघे ६ सेकंद उरले असताना पूर्ण केली. या गोष्टी हुरूप देण्यासाठी सांगितल्या जातात आणि ते योग्यच आहे, मात्र त्यांतून ‘आता नाही तर कधीच नाही’ हा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. त्या दोघांनीही तोवर वर्षानुवर्षे लांब पल्ल्याचे धावणे केले होते. वय वाढल्यावरही डोंगरातले दार उघडे राहते, एवढेच त्यांच्यावरून सिद्ध होते, आणि उघड्या दारातून धावत सुटण्याचे कारण नाही.

आता शर्यतीकडे पाहू. तुम्ही सगळा विचार किलोमीटरमध्ये केला आहे, ही रस्त्यावरच्या मॅरेथॉनची सवय आहे. डोंगरात ते माप फसवे ठरते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ढोबळ नियम सांगितला, जो आजही उपयोगी पडतो : सपाटीवरच्या दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. तुमच्या शर्यतीला तो लावला तर अंतराचे १० आणि चढाचे ४, असे १४ तास होतात. याचा अर्थ, दमदार चालीने पण केवळ चालत गेलात तर मुदत एका तासाने चुकते. हा तास मिळवायचा कुठून? चढावर वेग वाढवून तो मिळवायला जाल तर फार महाग पडेल. पण वाटेतल्या सपाट आणि सौम्य भागांपैकी १५ किलोमीटर तुम्ही ताशी ५ ऐवजी साडेसात किलोमीटरने गेलात, तर तीन तासांचे काम दोन तासांत होते. साडेसातचा वेग म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटे, म्हणजे तुमच्या मॅरेथॉनच्या गतीपेक्षाही सावकाश. थांब्यांवर खाण्यापिण्यात जाणारा वेळ आणि खडकाळ उतारांवरची अडखळ यांसाठी आणखी थोडी शिल्लक लागेल, तरीही हे गणित तुमच्या आवाक्यातले आहे. अट एवढीच, की ती आठ मिनिटांची गती नवव्या-दहाव्या तासातही पायांत शिल्लक असली पाहिजे.

म्हणूनच ‘चढावर मी त्यांच्या बरोबरीने असते’ हे तुमचे वाक्य वाचून मला कौतुकाइतकीच काळजीही वाटली. तिशीतल्या धावकाला जो चढ बोलत बोलत चढता येतो, तो तुम्ही धापा टाकत चढत असाल, तर उतार सुरू होण्यापूर्वीच तुमच्या मांड्या रिकाम्या झालेल्या असतात, आणि मग उतारावर मागे पडणे हे कौशल्याच्या अभावाइतकेच चढावरच्या उधळपट्टीचेही फळ असते. पुढच्या वेळी एक साधी कसोटी लावून पाहा. चढताना एक पूर्ण वाक्य मध्ये न थांबता बोलता येते का? येत नसेल तर वेग कमी करा, धावणे सोडून हात मांडीवर टेकवत चाला. अल्ट्रामध्ये उभ्या चढावर बहुसंख्य लोक चालतात, आघाडीचे धावकसुद्धा. घड्याळावरच्या हृदयगतीवर विसंबणार असाल तर आधी तुमची रक्तदाबाची गोळी कोणत्या गटातली आहे ते विचारून घ्या. बीटा ब्लॉकर प्रकारची औषधे हृदयगती वाढू देत नाहीत, त्यामुळे वयावरून काढलेले आकडे अशा व्यक्तीला लागू पडत नाहीत.

उताराविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तुमचा खरा अभ्यास तोच आहे. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात, उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतात. या दुसऱ्या प्रकारच्या कामात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि म्हणून मोठ्या उतारानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते. सुदैवाने शरीर हा धडा लवकर शिकते. एकदा बेताचा उतार पायांखालून गेला की पुढचे काही आठवडे तसाच उतार बराच कमी त्रास देतो. त्यामुळे दर रविवारी लांब उतार उतरत मांड्या कुटून घेण्याची गरज नाही. दहा ते चौदा दिवसांतून एकदा, दर वेळी थोडा अधिक, एवढे पुरते. शर्यतीपूर्वीचा शेवटचा मोठा उतार दोन-तीन आठवडे आधी झालेला असावा.

घसाऱ्यावर बहुतेक नवखे लोक करतात ते बहुधा तुम्हीही करत असाल : भीतीने अंग मागे झुकते, पाय लांब पुढे पडतो, टाच रोवली जाते आणि नेमकी तीच टाच सुट्या खड्यांवरून सरकते. याऐवजी गुडघे किंचित वाकवून धड पावलांच्या वर ठेवावे, पावले आखूड आणि भरभर टाकावीत, आणि नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावले पुढे ठेवावी. पाऊल थोडे सरकणारच हे धरून चालावे, ते सरकू नये म्हणून अंग ताठ केले की तोल जातो. हे शर्यतीच्या वाटेवर शिकू नका. पन्नास-साठ पावलांचा एखादा सोपा घसारा गाठून, ताज्या पायांनी, कोणी खाली वाट पाहत नसताना पुन्हा पुन्हा उतरा. दोन काठ्यांची सवयही आताच करून घ्या. उतारावर त्या गुडघ्यांवरचा भार काही प्रमाणात उचलतात आणि तोल सावरतात, पण सवय नसेल तर त्याच पायांत अडकतात. तुमच्या शर्यतीच्या नियमांत काठ्यांना परवानगी आहे ना, हे आधी पाहून घ्या.

एका गोष्टीचा तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण तुमच्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकाला ती लागू होते, ती म्हणजे चष्मा. जवळचे आणि लांबचे दोन्ही दिसणारा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावून तुम्ही धावत असाल, तर काचेचा खालचा भाग वाचनाच्या, म्हणजे साधारण हातभर अंतरासाठी बनवलेला असतो. उतरताना नजर खाली गेली की पाऊल पडणार ती जमीन त्याच भागातून दिसते, आणि दीड-दोन मीटरवरचा दगड धूसर होतो, त्याची उंची चुकते. डोंगरासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. कित्येकांची ‘वयामुळे’ गेलेली हिंमत एवढ्याने परत येते. पहाटे अंधारात निघायचे असेल तर आणखी एक : कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेतच असल्याने दगडांच्या सावल्या दिसेनाशा होतात आणि वाट सपाट भासते. कमरेला दुसरा छोटा दिवा लावला की खाचखळगे उठून दिसतात.

आठवड्याच्या आखणीत तुमच्या गटाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलू नका. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत नव्या कष्टाला सरावतात, पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि हाडे यांना महिने लागतात, आणि दम वाढल्याच्या आनंदात माणूस नेमका याच मधल्या काळात स्वतःला दुखावून घेतो. दोन कठीण सरावांच्या मध्ये तुम्हाला तरुणांपेक्षा विश्रांतीचा एखादा दिवस अधिक लागेल. सात दिवसांचा आठवडा हा काही शरीराचा नियम नाही, दहा दिवसांचे चक्र धरा. त्यात एक लांब पल्ला तासांत मोजलेला, एक चढाचा सराव, दोन-तीन सावकाश धावणी आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम असावेत. यातला ताकदीचा भाग बहुतेक धावक टाळतात, आणि पन्नाशीनंतर तोच सर्वांत जास्त उपयोगी असतो. वजन घेऊन उठाबशा, पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून टाचा उचलणे हे व्यायाम पुरेसे जड असले पाहिजेत, वीस-पंचवीस वेळा सहज होईल इतके हलके नकोत. दात घासताना एका पायावर उभे राहण्याची सवय तोलासाठी चांगली आहे, डोळे मिटून ती किती अवघड होते ते करून पाहा. आहारात प्रथिने कमी पडत नाहीत ना, हेही बघा. वय वाढले की तेवढाच स्नायू राखण्यासाठी ती अधिक लागतात.

दुसऱ्या वाटेबद्दल, म्हणजे हा नाद सोडून देण्याबद्दल. यजमानांच्या गुडघ्यांच्या भीतीला फारसा आधार नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात हौशी धावकांमध्ये गुडघा किंवा खुब्याच्या सांध्याची झीज ३.५ टक्के आढळली, तर बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणे सोडतात, त्यामुळे या आकड्यांतून धावण्याने गुडघे सुधारतात असे म्हणता येणार नाही, पण धावण्याने ते हमखास जातात, हे तर मुळीच म्हणता येणार नाही. अर्थात गुडघ्यांच्या मुद्द्यावर तुमची बाजू बरोबर असली तरी पडल्याची गोष्ट लपवणे त्यामुळे बरोबर ठरत नाही. लपवण्यामागचे कारण मला समजते, एकदा सांगितले की प्रत्येक रविवारी तोच विषय निघणार. पण डोंगरात एकट्याने किंवा गटाच्या मागे राहून धावणाऱ्या व्यक्तीची वाट कोणती, परतण्याची वेळ काय आणि त्या वेळेला ती आली नाही तर कोणाला फोन करायचा, हे घरी कोणाला तरी ठाऊक असणे ही सुरक्षेची पहिली पायरी आहे, आणि जिथे पडल्याचेच सांगितले जात नाही तिथे हे बोलणे होत नाही. कदाचित यजमानांना गुडघ्यांपेक्षा तुम्ही एकट्या कुठेतरी पडून राहाल याची धास्ती असेल, आणि तसे असेल तर ती रास्त आहे. झालेली गोष्ट, तिचे कारण आणि त्यानंतर तुम्ही काय बदलले, हे तिन्ही एकत्र सांगितलेत तर बोलण्याला निराळे वळण लागेल.

वैद्यकीय बाबींत तुम्ही टाळाटाळ करू नये असे मला आग्रहाने वाटते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता वेगाने कमी होते आणि तुम्ही नुकत्याच पडला आहात, तेव्हा हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. ताणाखालील हृदयतपासणीची गरज आहे का, हे तुमची रक्तदाबाची गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, आणि त्यांना ‘थोडे धावते’ असे न सांगता ‘तेरा तास डोंगरात असणार आहे’ असे सांगा. लांब पल्ल्यावर वेदनाशामक गोळ्या घेण्याची पद्धत धावकांमध्ये सर्रास आढळते. इबुप्रोफेनसारख्या गोळ्या, शरीरातले कमी झालेले पाणी आणि रक्तदाबाची काही औषधे हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडांवर मोठा ताण येतो. तुम्ही त्या वेदनाशामक गोळ्या पूर्णपणे टाळा. धावताना छातीत दडपण, भोवळ किंवा हृदयाची अनियमित धडधड जाणवली, अथवा नंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर शर्यत तिथेच सोडून वैद्यकीय मदत घ्यायची. खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगते : दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, आणि पोटाला त्याची सवय सरावातच लावावी. पाणी तहानेप्रमाणे प्यावे, भीतीपोटी अतोनात पाणी पिऊन रक्तातले सोडियम घसरणे हा धोका सावकाश धावणाऱ्यांना अधिक असतो.

आता निर्णय. यंदाची ५० किलोमीटरची शर्यत तुमच्यासाठी अशक्य आहे, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या जागी मी असते तर यंदा २५ ते ३० किलोमीटरची डोंगरी शर्यत निवडली असती आणि पन्नाससाठी पुढचे वर्ष धरले असते. लहान शर्यतीतही चढ, घसारा, थांबे, पोटाचे रुसवे हे सारे भेटते, आणि चुकलेच तर घरी परतायला तीन-चार तास कमी लागतात. तुमचे मन यंदावरच अडून असेल तर स्वतःला एक अट घालून घ्या : शर्यतीच्या तीन महिने आधी, सहा-सात तासांचा आणि किमान १,२०० मीटर चढ-उताराचा सराव न पडता, वेदनाशामक गोळीशिवाय पूर्ण व्हावा आणि तिसऱ्या दिवशी जिना सरळ उतरता यावा. हे जमले तर जा, नाही जमले तर त्याच दिवशी छोट्या अंतरात बदल मागा. असा बदल किंवा नोंदणी पुढच्या वर्षावर टाकण्याची सोय अनेक आयोजक देतात, मात्र पैसे भरण्यापूर्वीच तसे विचारून घ्या.

गटाला काय सांगावे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुम्ही पडलात तो त्या माणसांना गाठण्याच्या नादात. त्यांनी शेवटच्या उतारापाशी तुमची वाट पाहू नये, तुम्ही तासभर आधी निघाल आणि वाटेत कुठेतरी त्यांची-तुमची गाठ पडेल, असे ठरवून टाका. गटात तुमच्या गतीची एखादी व्यक्ती मिळाली तर उत्तमच, कारण डोंगरात मागे राहिलेल्याने एकटे राहू नये. नोंदणी बंद व्हायला सहा आठवडे आहेत. तेवढ्यात डॉक्टरांची भेट, चष्मा आणि स्वतःच्या गतीने केलेला एक पाच तासांचा सराव एवढे उरकून घ्या, आणि मग कोणत्या अंतराचा अर्ज भरायचा ते ठरवा.